इथपर्यंत आलो

औषधाच्या पंपाचा प्रोग्राम धाकट्याने लिहायचा आणि थोरल्याने तपासायचा, असा दोघा भावांचा एकाच ऑफिसात जम बसला होता. थोरल्याची एक खोड होती. पायथन या संगणकाच्या भाषेत चाचणी लिहिली की मध्येमध्ये तो पडद्यावर एकच ओळ छापायला लावायचा: 'इथपर्यंत आलो.' गाडी कुठे अडली ते त्यावरून कळायचं. तेही चाचणी नापास झाली तरच. पास झालेलीने काय छापलं ते टूल दाखवतच नसे. पास झालेल्याला कोण विचारतो हो!

बॅटरी उतरली की पंपाने शिट्टी द्यायची, ही एकच चाचणी नापास होत होती. माल पाठवायची तारीख आली, तेव्हा दादा आजारपणाच्या रजेवर होता. धाकट्याने त्या चाचणीवर 'वगळा' अशी खूण केली. झालं, बाकी सगळ्या पास, पडदा हिरवागार! महिन्याभरात तोच पंप घरी दादाच्या उशाशी लागला. एका दुपारी बॅटरी उतरली, औषध थांबलं, आणि शिट्टी झालीच नाही. दादा गेला, तेव्हा वहिनी चार पावलांवर स्वयंपाकघरात होती.

"भावजी, मशीन वाजलं कसं नाही हो?"

"मशीनच ते, वहिनी. बिघडतं कधीकधी."

आज भरदुपारी तो ती खूण पुसायला बसला, चौकशीवाले यायच्या आत. चोराच्या मनात चांदणं. दोनदा मागे वळून पाहिलं. कोपराशी दादाचा परत आलेला पंप होता, बॅटरी काढलेला. त्याने खूण पुसली, चाचण्या चालवल्या.

सगळ्या पास. तीसुद्धा! प्रोग्राम तर कुणी दुरुस्तच केला नव्हता. आणि हिरव्या खुणेखाली, दिसायला नको ते दिसलं.

इथपर्यंत आलो.

त्याने पुन्हा चालवलं.

जिन्यापर्यंत आलो.

अख्खी फाइल पालथी घातली, असली ओळ कुठेच नव्हती. दादाच्या खोलीतला औषधांचा वास नाकात भरला. "दादा... नको रे..." बोट न लावताच चाचणी पुन्हा धावली.

तिच्या दारापर्यंत आलो. तू सांगतोस, की मी सांगू?

फोन वाजला. वहिनी होती.

"भावजी... यांच्या खोलीत काहीतरी वाजतंय हो... दोन लांब, एक आखूड... थांबतच नाही..."

ती शिट्टी त्यानेच बसवली होती. फोनमधून त्यालाही ऐकू येत होती. खरं बोलायला तोंड उघडलं, आणि सवयीने तेच आलं.

"काही नाही, वहिनी... मशीनच असेल कुठलंतरी..."

तिकडची शिट्टी थांबली. पडद्यावर ओळ उमटली.

बरं. तुझ्याकडे येतो.

बॅटरी काढलेल्या पंपाने कोपराशी शिट्टी दिली. दोन लांब, एक आखूड. पुन्हा. मग आणखी मोठ्याने.

भरल्या ऑफिसात एकानेही मान वळवली नाही.