घाटाच्या तिकिटावरची रेघ

उचगावच्या एका छापखान्यात मी बावीस वर्षं मशीनवर उभा होतो. त्यामुळे छपाईत दोष दिसला की कारण सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. कागदाला घडी पडली, जादा शाई नीट पुसली नाही, प्लेट खरचटली, कारण असतंच. पोस्टाची जुनी तिकिटं जमवायचं वेड त्यातूनच लागलं. देखण्या तिकिटाकडे मी ढुंकूनही बघत नसे, बिघडलेलं मिळालं की स्वारी खूश.

या वेडात एकच जोडीदार होता, गुरुपादअप्पा. महाद्वार रोडला भांड्यांच्या दुकानाबाहेर पोतं टाकून ते लग्नाच्या भांड्यांवर छिन्नीनं नावं घालायचे. नावं घालायची मशीनं आली, तरी जुनी गिऱ्हाइकं अप्पांसाठी तासभर थांबायची. रविवारी सकाळी मी अल्बम घेऊन त्यांच्या घरी जायचो. त्यांची बायको शांतव्वा भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढं करायची आणि आम्ही दोघं एका भिंगावर डोकी घालून बसायचो. तसे रविवार पुन्हा मिळाले नाहीत.

शहाण्णव साली एकदा मी एका छोट्या संस्थानाची चार तिकिटं नेली. १९३८ची, हिरवी, तळ्याच्या घाटाचं चित्र. पोलादी ठशावर हातानं कोरलेली, बोट फिरवलं की शाईचा उंचवटा लागायचा. चारींवर पायऱ्यांवरून पाण्यात उतरणारी केसाएवढी रेघ होती.

“प्लेट खरचटली असंल, नागसेन,” अप्पा म्हणाले.

“न्हाय अप्पा. प्लेटवर साठ तिकिटं असत्यात. ती खरचटली तर एकाच जागचं बिघडतंय. हितं सगळ्यांवर हाय. म्हंजे ज्याच्यावरनं प्लेट उठवली त्या मूळ ठशातच कोरणाऱ्याचा हात घसरला.”

अप्पांनी भिंग खाली ठेवलं. आदल्याच दिवशी एका नवरीच्या परातीवर त्यांची छिन्नी घसरली होती आणि दुकानदारानं चारचौघांत त्यांना उठवलं होतं. हे शांतव्वानं मला नंतर सांगितलं. त्यानंतर अप्पांनी छिन्नी धरली नाही. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मग मी एकच ध्यास घेतला. बिनरेघेचं एक जरी तिकीट सापडलं, तर ठसा पुढं कधीतरी खरचटला असं सिद्ध झालं असतं आणि कोरणारा सुटला असता. अप्पांना मला तेवढंच दाखवायचं होतं. पाच वर्षांत आणखी अकरा तिकिटं मिळाली. अकराही रेघेची.

२००१च्या हिवाळ्यात अप्पांनी अंथरूण धरलं. मी गेलो तेव्हा डोळे मिटलेले आणि उजवा हात चादरीवर चालू होता, छोटा हातोडा मारल्यासारखा.

“चार दिस झालं असंच चाललंय, तम्मा,” शांतव्वा म्हणाली. कानडी वळणानं ती मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायची. “हात धरला तर रागावत्यात.”

“रेघ मागनं ठोकून वर काढायची,” अप्पा डोळे न उघडता पुटपुटले. “मग घासायचं. मग परत कोरायचं. पाण्याकडनं निम्मी काढली बघ.”

घरी येऊन अल्बम उघडला. सगळ्या तिकिटांवरची रेघ पायऱ्यांपाशीच संपत होती. शहाण्णव साली रेघ टिपून ठेवायला बटर पेपरवर काढलेला नकाशा वर ठेवून बघितला. त्यात ती पाण्यात उतरत होती. माझाच नकाशा चुकला असणार, असं मी ठरवलं. डोळेही तपासून आलो. चष्म्याचा नंबर तोच होता.

जयसिंगपूरच्या बाळासो नावाच्या निवृत्त व्यापाऱ्याकडे तेच तिकीट लावून टपालानं गेलेलं एक जुनं पाकीट होतं. फोन केला तर म्हणाले, “रेघ हाय की. उगं हेलपाटा मारू नगासा.”

दुसऱ्या सकाळी त्यांचाच छापखान्यात फोन. आवाज उतरलेला होता.

“पावणं, या. रेघ न्हाय.”

“काल होती म्हणालात.”

“व्हती. म्हणूनच या म्हंतोय.”

मिळेल ती एसटी पकडली. बाळासोंनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि स्वतः लांब खुर्चीत बसले. भिंग लावलं. पायऱ्या, पाणी, सगळं नितळ. जिथं रेघ होती तिथं पायरीच्या कडा नव्यानं कोरल्या होत्या, एकेक ओळ ठाम, कुठंही न थरथरलेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो हात मी ओळखत होतो.

तिथूनच अप्पांच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. शांतव्वाला बोलावून आणलं.

“अव्वा, अप्पांना सांग, मिळालं.”



“अप्पा सकाळी गेलं, तम्मा. हात थांबला आन् म्हणालं, झालं. नागसेनला दाव.”

मी फोन ठेवला. सवयीनं तिकिटावर अंगठा फिरवला.

त्रेसष्ट वर्षांपूर्वीचा काळा शिक्का कोरडा होता. त्याच्याखालची हिरवी शाई माझ्या अंगठ्याला लागली.