रफू केलेला तलाव

वंदनाताईंनी पोहण्याचा पोशाख विकत आणला, तेव्हा गार्गीच्या मनात पहिल्यांदा शंकेची पाल चुकचुकली.

पोशाख गडद निळा होता, लांब बाह्यांचा. बाल्कनीतल्या दोरीवर तो पाणी निथळत लटकला होता आणि त्याच्या शेजारी तळहाताएवढा दुसरा एक, बदकांच्या चित्रांचा.

"आई, हे काय?"

"छोटा अबूचा, मोठा माझा. शनिवारी तिला क्लबच्या तलावावर नेते. अडीच वर्षांची झाली की. पाण्याची भीती बसायच्या आत उतरवलेली बरी."

"आणि उतरवणार कोण?"

"कोण म्हणजे? मी!" वंदनाताई मेथी निवडत होत्या, मान वर न करताच म्हणाल्या, "मला येतं की पोहायला."

गार्गी हसली. मग आई हसत नाहीये हे तिच्या लक्षात आलं.

आईला पोहता येत नव्हतं. चतुर्थीला चंद्र उगवतो याइतकं हे गार्गीला पक्कं ठाऊक होतं. तिच्या लहानपणी कॉलनीजवळच्या नारळीबागेतल्या पोहण्याच्या तलावावर दुपारी बायका-मुलांची वेळ असायची, तेव्हा लेकरांना पाण्यात सोडून आया पायऱ्यांवर बसायच्या. त्यांत तिसऱ्या पायरीवर तिची आई असायची, साडी पोटऱ्यांपर्यंत खोचून, मांडीवर पंचा घेऊन. पाठीला पत्र्याचा डबा बांधून गार्गी पाण्यात धडपडायची आणि वरून आईचा आवाज यायचा, "पाय मार! पाय मार गं! डबा पोहतोय, तू नाही!" दात वाजायला लागले की ती वर यायची आणि आई तिला पंच्यात गुंडाळून घट्ट दाबून धरायची. ओल्या पंच्याचा आणि आईच्या घामाचा तो वास आता लेकीला, अबोलीला, पुसताना अधूनमधून गार्गीच्या नाकात येई.

"तू पायरीवर बसायचीस, आई."

"सुरुवातीला. नंतर उतरले ना! माझा डबा सुटला त्या दिवशी तुझ्या बाबांनी पेढे नाही का वाटले? तू लहान होतीस, तुला काय आठवणार!"

डबा सुटणं म्हणजे नारळीबागेत मुंजीएवढा सोहळा. पाठीवर डबा न बांधता मूल पहिल्यांदा तलाव ओलांडायचं आणि घरचे लोक ओल्या फरशीवर पेढे वाटायचे. पण मुलांचे डबे सुटायचे. आयांचे नव्हे.

"हे तुला त्या मंडपात गेल्यापासून आठवायला लागलं का गं?" गार्गीनं शक्य तितक्या सहज विचारलं.

मेथीची जुडी पाटावर जरा जोरात आपटली. "म्हणजे? त्याआधी माझं डोकं रिकामं होतं?"

बाग आणि तलाव जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिथे आता गाड्या ठेवायची सात मजली इमारत होती. तिच्या तळमजल्यावर कॉलनीच्या मंडळानं गेल्या वर्षी स्मृतिमंडप बसवून घेतला होता. कपाळाला एक मऊ पट्टी बांधून खुर्चीत टेकायचं आणि जुन्या जागेबद्दल जे आठवेल ते आठवत राहायचं. पट्टी मेंदूतली ती हालचाल टिपून घेते. शेकडो माणसांच्या अशा आठवणी एकमेकींत विणून मंडपात अख्खी बाग पुन्हा उभी केलेली होती. डोळे मिटले की तिच्यात हिंडता यायचं. दर गुरुवारी कॉलनीतली म्हातारी मंडळी जत्रेला जावं तशी तिथे जायची आणि परतताना गालातल्या गालात हसत यायची. हे हसू गार्गीला माहेरी आल्या दिवसापासून खटकत होतं. सगळ्यांचं अगदी एकसारखं होतं ते.

दुसऱ्या दिवशी अबोलीला आईजवळ झोपवून ती मंडपात गेली. मंडप चालवणारी ऋचा धुमाळ शाळेत तिच्याच बाकावर बसायची.

"ये ये, माहेरवाशीण! बसतेस?"

"बसते. आधी मला तलाव दाखव, दुपारचा."

पट्टी कपाळाला गार लागली. मग क्लोरिनचा वास आला, बाहेरच्या गाडीवरच्या उकडलेल्या शेंगांचाही, आणि ऊन पाण्यावरून उसळून थेट पापण्यांवर आलं. सगळं होतं तसंच होतं. उडी मारायच्या फळीवर मुलांची रांग लागली होती. पाण्यात बायकाच बायका होत्या, हसत, एकमेकींवर पाणी उडवत. आणि त्यांच्या मधोमध तिची आई सपासप हात मारत चालली होती, मासोळीसारखी.

गार्गी पायऱ्यांकडे वळली. तिथे कुणीच नव्हतं. पंचे नाहीत, चपला नाहीत, बांगड्यांचा आवाज नाही. पाण्यातून एकेक पोर वर येत होतं आणि रिकाम्या पायरीसमोर कुडकुडत उभं राहत होतं. त्यांना पुसायला कुणी नव्हतं. ती पोरं नुसती उभीच होती, ओठ निळे पडेपर्यंत.

तिनं पट्टी ओरबाडून काढली.

"ऋचा, पायरीवरच्या बायका कुठे गेल्या? कुणी काढल्या?"

"काढल्या? कुणी नाही काढल्या!" ऋचा गोंधळली. मग तिनं खुर्ची जवळ ओढली. "हे बघ, आठवण म्हणजे विरलेलं कापड असतं, भोकंच जास्त. मग आजूबाजूच्या लोकांच्या आठवणींचे धागे घेऊन यंत्र ती भोकं भरतं. आम्ही त्याला रफूच म्हणतो."

"माझ्या आईला कधी पोहता येत नव्हतं."

ऋचानं पडद्यावर काहीतरी उघडलं आणि ओळीमागून ओळ वाचत ती खाली गेली.

"तुझी आई तिथे किती उन्हाळे बसली असेल गं?"

"चार. पाच. रोज."

"आणि नुसती बसायची, की..."

"ओरडायची. पाय मार, हात लांब टाक, श्वास घे. सगळ्याच ओरडायच्या. आणि ओरडता ओरडता साडीखाली त्यांचेही पाय हलायचे."

"तिथेच घोळ झालाय." ऋचाचा आवाज खाली आला. "बघणारा माणूस मन लावून बघत असला ना, की त्याच्या मेंदूतही पोहणं उमटतं, थोडं फिकट. या बायका इतकं जीव लावून बघत होत्या की यंत्राला वाटलं, या पोहतच होत्या. राहिलेलं रफूनं भरून काढलं. पाण्याचा गारवा दुसऱ्या कुणाचा, पेढे तिसऱ्याचे."

"आणि ते सगळं परत त्यांच्या डोक्यात गेलं?"

"परत म्हणजे... दर गुरुवारी त्या तेच बघतात. बघून बघून ते त्यांचंच झालंय."

"काढून टाक ते."

"रफू उसवता येतं, गार्गी. पण भोवतीचं मूळ कापडही थोडं हातात येतं. काय काय येईल ते सांगता येत नाही. आणि त्याला तुझ्या आईचा होकार लागेल." ऋचानं गार्गीच्या हातातल्या पट्टीकडे बोट दाखवलं. "आणखी एक. तूही आत्ता आत बसलीस. गेल्या दिवाळीतही अर्धा तास बसली होतीस. थोडंफार रफू तुझंही झालं असणार."

गार्गी घरी आली ती तरातरा. अबोली आजीच्या पोटावर बसून पाय हलवत होती आणि आजी म्हणत होती, "हं, पाय मार, पाय मार!"

गार्गीनं सगळं सांगितलं, जमेल तितकं हळुवार. शेवटी वंदनाताईंनी अबोलीला खाली उतरवलं.

"म्हणजे माझी आठवण खोटी आणि तुझी खरी. तेव्हा तू चार वर्षांची, मी चाळिशीला टेकलेली. हे कुणी ठरवलं?"

"आई, एक तरी फोटो..."

"बायकांच्या वेळेला फोटोला बंदी होती. बाबाही नाहीत तुझे, साक्ष द्यायला." त्या खिडकीकडे बघायला लागल्या. "तुला मी पायरीवरच हवी आहे, गार्गी. पंचा घेऊन."

हे वर्मी लागलं. गार्गीला रात्रीचं जेवण गेलं नाही. खरंच, तो पंचा कुणाच्या मांडीवर होता? तिनं डोळे मिटून आईचा चेहरा आठवून पाहिला. कधी आई दिसे, कधी ऋचाची आई धुमाळ काकू, कधी नुसताच एक उबदार काळोख.

शनिवारी तिघीही क्लबच्या तलावावर गेल्या. गार्गीनं एकच अट घातली होती. आधी आई एकटी उतरेल, उथळ बाजूला, आणि गार्गी अबोलीला घेऊन पाण्यातच उभी राहील, हाताच्या अंतरावर.

"परीक्षा घेतेस का माझी?" वंदनाताई म्हणाल्या. पण त्यांचे डोळे लकाकत होते.

निळ्या पोशाखातली आई गार्गीला अनोळखी वाटली, आपल्याहून लहान. वंदनाताई कडेचा दांडा धरून सावकाश उतरल्या. पाणी कमरेला लागलं तेव्हा त्यांनी एकदा श्वास रोखला. मग दांडा सोडला आणि पुढे झुकल्या.

त्यांचे हात लांब पडत होते, अगदी शिकवल्यासारखे. हनुवटी पाण्याबाहेर, श्वास वेळच्या वेळी. फेस उसळत होता आणि आई पुढे सरकत होती. गार्गी अबोलीला कडेवर घेऊन हातभर मागून चालत खाली वाकून बघत होती. पाणी इतकं ढवळलं होतं की आईचे पाय दिसत नव्हते. ते पोहत होते, की एक पाय हळूच फरशीवर टेकून पुढे चालला होता? एकदा तिला वाटलं, अंगठा टेकलेला दिसला. पुढच्याच क्षणी तिथे फक्त हलणारं ऊन होतं.

खोल बाजूची लाल रेघ जवळ आली तशा वंदनाताई थांबल्या. की उभ्या राहिल्या? पाणी त्यांच्या गळ्यापर्यंत होतं. त्या वळल्या. त्यांचा चेहरा ओला होता, धापा टाकणारा, आणि गार्गीनं जन्मात पाहिला नव्हता इतका आनंदी. की पाहिला होता? असाच, ओला, पाण्यातून वर येणारा, कधीतरी, फार पूर्वी?

"बघितलंस?" वंदनाताईंनी दोन्ही हात पुढे केले. "आता दे तिला इकडे."

अबोली गार्गीच्या कडेवरून पुढे झेपावली, सगळं अंग आजीकडे टाकून. तिला धरून ठेवायला गार्गीला जोर लावावा लागला.

"आई, आधी खरं सांग, पाय टेकलेत का तुझे?"

वंदनाताई हसल्या. "मला काय ठाऊक, गं? मी खाली कुठे बघितलं?"