सतराव्या उताऱ्यातली तीन सेकंदं

लघुलेखनाच्या यंत्राला बटणं इनमिन बावीस. त्यावर एकेक अक्षर टिपत बसलं, तर साक्षीदार साक्ष देऊन, घरी जाऊन, जेवून झोपेल आणि आपण त्याच्या पहिल्याच वाक्यात अडकलेले असू. म्हणून चार-पाच बटणं एकदम दाबून अख्खा शब्द उमटवायचा. हे शिकायला दोन वर्षं लागतात आणि विसरायला, बाई म्हणायच्या, दोन जन्म.

बाई म्हणजे या वर्गाच्या शिक्षिका. एकवीस वर्षं न्यायालयात साक्षी लिहून त्या निवृत्त झाल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, आठ टेबलं, आठ यंत्रं, आठ पडदे आणि चालू केला की वर्गात कुणाला काही ऐकू येऊ नये अशी शपथ घेतलेला एक पंखा. उशिरा आलेल्याला बाई रागावत नसत. पाण्याचा ग्लास पुढे करत, "आधी श्वास घे, मग बस" म्हणत. त्या चिडत एकाच गोष्टीवर. कुणी न ऐकलेला शब्द अंदाजाने भरला, की आवाज चढायचा. "ऐकू आलं नाही तर हात वर करा! जज्जसाहेब खेकसतील, वकील हसतील. हसू देत. आपण तिथे दुसऱ्याचे शब्द सांभाळायला बसतो, पदरचे घालायला नाही." एवढं बोलून झालं की त्या बराच वेळ चष्मा पुसत बसायच्या.

सरावाला सॉफ्टवेअर होतं. हेडफोनमधून उतारा ऐकू यायचा, मुलं लिहायची, आणि शेवटी सुटलेला शब्द निळा, जादा शब्द लाल दिसायचा. चाळीस उतारे बाईंनीच जुन्या साक्षींवरून, नावंगावं बदलून, स्वतःच्या आवाजात वाचून दिले होते. त्यातला सतरावा वाचताना त्यांनी एक प्रश्न आणि त्याचं उत्तर गाळलं. मुद्दाम. गाळलं तिथे तीन सेकंदं मोकळी राहिली. श्वास घेण्यापुरती.

वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे खारूताई म्हणत. बोटं तशीच तुरुतुरु पळायची. मात्र परीक्षेत दोनदा थोडक्यात नापास झाली होती, आणि तिसरी संधी शेवटची.

"बाई, सतराव्यात मला रोज एक लाल येतोय," ती एका दुपारी म्हणाली.

बाईंनी वाकून पाहिलं. बरोबर त्या मोकळ्या जागी एकच शब्द होता, 'नाही'.

"हा कुठून आणलास?"

"ऐकू आला, लिहिला."

"अगं, तिथे कुणी काही बोललेलंच नाहीये."

"मग माझेच कान वाजत असतील." ती हसली. "बाबा म्हणतातच, तुझ्या डोक्यात खडखडाट झालाय. यंदा गेलीस तर मामाच्या दुकानात वजनकाट्यावर बस म्हणाले. तिथे निदान काटा बोलत नाही."

बाईही हसल्या. पण त्या दिवशी चष्मा पुसायचं त्यांना भान राहिलं नाही.

आठवड्याभरात खिडकीशेजारच्या मुलाच्या पडद्यावर तोच लाल शब्द आला. मग त्याच्यामागच्या दोघींच्या. मग आठही जणांच्या. एकमेकांचं बघून लिहावं तर मधे पुढच्याची पाठ होती, आणि बघून लिहायला मुळात उताऱ्यात काही नव्हतंच. विचारलं तर प्रत्येक जण सांगे, "हळू आवाजात आहे, बाई. बाईमाणसाचा आवाज. तुमचा नाही."

शेवटी बाईंनी संगणकवाल्याला बोलावलं. त्याने उताऱ्याचा आवाज पडद्यावर रेघेसारखा पसरून दाखवला. बाईंचं वाचन डोंगराच्या रांगेसारखं खालीवर होत होतं, आणि मधे तीन सेकंदं रेघ सपाट.

"बघा, मुंगीसुद्धा शिंकलेली नाही," तो म्हणाला. "यंत्राला फार तर धूळ लागते, बाई. भूत लागत नाही. आणि लागलंच, तर दुरुस्तीच्या करारात ते धरलेलं नाहीये."

तो गेल्यावर त्यांनी स्वतः हेडफोन चढवले. आपलाच कोरडा आवाज. मग ती जागा आली. शब्द नव्हता. पण कापड किंचित सळसळलं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बराच वेळ उभं राहिलेलं माणूस एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतं, तसं. हा उतारा बाईंनी घरी, दार लावून, एकटीने बसून वाचला होता.

एकोणीस वर्षं झाली होती त्या खटल्याला. साक्षीला तिकीट खिडकीवर काम करणारी एक बाई होती, फारच हळू बोलणारी. तिचं बोलणं ऐकू येईना म्हणून लघुलेखिकेने दोनदा हात वर केला. दुसऱ्या वेळी साहेब म्हणाले, "कान घरी विसरून आलात का?" सगळं न्यायालय हसलं. मग सरकारी वकिलांनी आरोपीकडे, एका ट्रक ड्रायव्हरकडे, बोट दाखवून विचारलं, "त्या दिवशी गोदामापाशी पाहिलेला माणूस हाच का?" नेमकी त्याच वेळी यंत्रातली कागदाची पट्टी अडकली. ती सोडवून लघुलेखिकेने मान वर केली, तेव्हा साक्षीदाराचे ओठ मिटत होते. लघुलेखिकेचा हात टेबलाच्या कडेपर्यंत आला आणि तिथेच थांबला. तिने लिहिलं, होय.

निकालाआधी साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी फक्त कागद वाचला. ड्रायव्हरला चौदा वर्षांची शिक्षा झाली. त्याची बायको साक्षीच्या कागदांची नक्कल न्यायला आली होती, तिने विचारलं, "बाई, सगळे जसं बोलले, तसंच आहे ना यात?"

"तसंच आहे," बाईंनी सांगितलं होतं. तो चेहरा त्यांनी नंतर किती तरी वेळा देवापुढे आठवला. पण देवापुढे कबूल होणं सोपं असतं, तो नक्कल मागत नाही.

परीक्षा मंडळाने महिन्याभरापूर्वीच या चाळीसपैकी एक उतारा निवडून मोहोरबंद केला होता. सतरावा काढून टाका असं बाईंनी दोनदा लिहून पाहिलं. आता बदल होत नाही, असं उत्तर आलं. निवडलेला उतारा कोणता, ते परीक्षेच्या सकाळी उघडल्यावर कळणार होतं.

उघडलं. सतरा.

पाच चुका माफ होत्या, सहावीला नापास. सकाळी संगणकवाल्याने आठही यंत्रं तपासून, ती निर्दोष असल्याची सही केली. बाईंनी मुलांना बजावलं, "आवाज थांबला की हात उचलायचे आणि मांडीवर ठेवायचे. काहीही ऐकू आलं तरी."

"आणि खरंच काही बोललं कुणी तर?" खिडकीशेजारच्याने विचारलं.

बाई पंखा बंद करायला वळल्या.

उतारा सुरू झाला. पंखा बंद. बटणांचा मऊ, घाईचा आवाज खोलीभर. बाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. ती जागा जवळ आली तशा त्या मुलांच्या बोटांकडे बघू लागल्या.

आवाज थांबला.

सोळा हात उचलले गेले. सोळाही मांडीवर.

एक. दोन.

कुणीही बटणाला बोट लावलं नाही. बाईंनी डोळ्यांनी पाहिलं.

आठही पडद्यांवर शब्द उमटला. नाही.

तासाभराने खारूताईच्या चुका आल्या. सहा.

"बाई." तिने पडद्यावरच्या लाल शब्दावर बोट ठेवलं. "पाच माझ्या आहेत. मान्य. ही माझी नाही. मी हात उचलले होते. तुम्ही पाहिलंत ना?"

त्या क्षणी बाईंना खोलीत दुसरंच कुणी उभं दिसलं, नक्कल छातीशी धरलेलं.

"पाहिलं," त्या म्हणाल्या. "तू घरी जा. मी बघते."

खोली रिकामी झाली. चूक काढून टाकायचा अधिकार शिक्षिकेला होता. मात्र कारण द्यावं लागे, सहीसह, आणि ते थेट मंडळाकडे, तिथून न्यायालयाकडे जाई. कारणं दोनच होती. यंत्राचा दोष लिहिला तर परीक्षाच रद्द, तरी संधी मोजली जाई, आणि खारूताईला पुढची संधी नव्हती. दुसरं कारण, शब्द मूळ बोलण्यात होता.

बाईंनी कारणाची चौकट उघडली. निवृत्तीचं वेतन, एकवीस वर्षांचं नाव, सगळं एकदा डोळ्यांपुढून गेलं. मग त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि दुसरं कारण निवडलं. खाली लिहिलं:

'या साक्षीतला एक प्रश्न आणि उत्तर मी वाचताना गाळलं. ते उत्तर मला न्यायालयात ऐकू आलं नव्हतं. मी हात वर केला नाही. होय असं माझ्या मनाने लिहिलं. त्यावर एका माणसाला चौदा वर्षांची शिक्षा झाली. मी ऐकलं नाही ते आता आठ जणांनी ऐकलं आहे.'

साक्षीचा खटला क्रमांक लिहिला. खाली स्वतःचं पूर्ण नाव.

सॉफ्टवेअरने विचारलं, हा बदल उतारा लिहिलेल्या सर्वांना लागू करायचा?

बाईंनी हो म्हटलं. यादी उघडली. आठ ओळी, आठांसमोरचा चुकांचा आकडा एकाने उतरला. खारूताईचे पाच झाले. पास.

बाईंनी डोळे मिटले. उघडले, तेव्हा यादी थोडी वर सरकली होती.

खाली नववी ओळ होती. नावाच्या जागी त्यांचा न्यायालयातला नोकरीचा क्रमांक. सुरुवात, एकोणीस वर्षांपूर्वीची त्या साक्षीची तारीख, सकाळचे अकरा चाळीस. चुका, एक. हा आकडा उतरला नव्हता.

समाप्तीचा रकाना कोरा होता. शेजारी घड्याळ चालू होतं. एक लाख सहासष्ट हजार पाचशे बारा तास, आणि पुढे सेकंद, एकेक करून वाढत.