आबांची राखण

मी वारूळवाडीला शिवणकाम करते. त्या दिवशी कळंबला निघाले ती भावजयीचे ब्लाउज द्यायला. तिच्या माहेरी लग्न होतं आणि एक बाही मला नीट बसल्यासारखी वाटत नव्हती. म्हटलं, आपणच जाऊ, अंगावर घालून बघू आणि तिथंच काय ते उसवू. लोक मला विचारतात, निघताना मनात काही आलं होतं का. काही नाही. एसटीत तर माझा डोळा लागला होता.

मार्गशीर्ष होता. फाट्यावर उतरले तेव्हा ऊन कलतं होतं, कालव्याच्या कडेनं आत चालायला लागेपर्यंत तेही गेलं. माहेरची वस्ती तिथून बरीच आत आहे. दोन्ही बाजूंना ऊस. वारा नसला तरी त्या पानांचा एक कोरडा, घासल्यासारखा आवाज येत राहतो आणि आपण थांबलो की तो जवळ आल्यासारखा वाटतो. बिबट्याच्या धाकानं आमच्याकडं तिन्हीसांजेला एकटं कुणी हिंडत नाही. मी आपली मुद्दाम खोकत, पिशवी वाजवत चालले होते.

वळणाशी आले आणि उसातून हाक आली.

"हाऽऽ… हुर्रर्र… कोन हाय रं तिकडं…"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी हाय, आबा."

हाक थांबली. ओळख पटल्यावर माणूस थांबतो, तशी थांबली. मी दोन पावलं पुढं टाकली आणि मग माझे पाय जागच्या जागी राहिले. आबा चैत्रातच गेले होते. त्यांच्या दहाव्याला मी घोड नदीवर होते, पिंडाला कावळा शिवलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता.

आमचे आबा, म्हणजे वडील, जानकू, जन्मभर मेंढरांमागं फिरले. गुडघे गेल्यावर मेंढरं विकली, तेव्हापासून ते लोकांच्या उसाची राखण करायचे. त्यांचा आवाज असा होता की ते इकडच्या बांधावरून ओरडले तर कालव्यापलीकडची कुत्री उठायची. तो आवाज ओळखायला मी चुकणार नव्हते.

ऊस हलला, बॅटरीचा उजेड पडला आणि माझा धाकटा भाऊ चांगदेव बाहेर आला. त्याच्या हातात काळा, डब्याएवढा स्पीकर होता.

"अक्का? एकटी आलीस व्हय? फोन करायचा ना, न्यायला आलो असतो."

"चांगू, आत्ता कोण ओरडत होतं?"

त्यानं स्पीकर वर धरून दाखवला. "आबा. रेकॉर्डिंग हाय. बिबट्यासाठी." आणि मग वैतागून त्यानं त्याच्यावर थाप मारली. "आन् ह्याची बॅटरी बघ. आत्ता लावला, आत्ता उतरला. टिकतच नाय."

घरी जाईपर्यंत तो बॅटरीचंच बोलत होता. सुरुवातीला एकदा चार्ज केला की पहाटेपर्यंत चालायचा. मग जेवणं होईस्तोवर. मग दिवेलागणीपर्यंतसुद्धा नाही. कळंबच्या दुकानात सुदर्शनकडं नेला, त्यानं आतली बॅटरी बदलून दिली. चार दिवस बरा, पुन्हा तेच. मग चांगूनं नवा स्पीकर आणला. तोही तसाच. जुना मात्र गणपतीत पोरांनी नेला तर रात्रभर गाणी वाजवत राहिला.

"सुदर्शन म्हनतो, आवाज लई मोठा ठेवता, बॅटरी खाती. मोठा नाय ठेवायचा तर काय कानात सांगायचं का बिबट्याला?" चांगू हसला. मी हसले नाही.

घरात आल्यावर भावजय, हर्षाली, मला आतल्या खोलीत घेऊन गेली. दार लोटून तिनं ब्लाउज अंगात घातला. मी तोंडात टाचण्या धरून बाही टाचत होते, तेव्हा ती भिंतीकडं बघत हळू बोलायला लागली. माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणूनच बोलली असेल.

"वन्सं, तुमाला म्हाईत नाय. त्यांनी ते रेकॉर्डिंग कधी केलं."

मी मान हलवली.

"शेवटच्या आठवड्यात. आबांना धाप लागत व्हती, उठून बसवावं लागायचं. शेजारच्यांचं वासरू नेलं व्हतं बिबट्यानं. आमी गाणी लावायचो तर त्याला गाण्यांची सवय झाली, म्हनून ह्यांनी मोबाईल धरला आबांपुढं. म्हनले, ओरडा. आबा ओरडले. मधीच रस्त्यानं ट्रॅक्टर गेला, म्हनून परत ओरडायला लावलं. मग कोंबडा आरवला. मग परत." ती थांबली. "आबा म्हनले, पानी दे. म्हनले, बास रं चांगू, आता बास. ह्यांनी तेवढं कापलं मोबाईलवर, आन् बाकीचं जोडलं."

टाचणी माझ्या जिभेला टोचली. मी टाचण्या काढून हातात घेतल्या.

"मी त्या स्पीकरला हात लावत नाय," हर्षाली म्हणाली. "चार्जिंगला लावला की त्यातून धाप ऐकू येती. हे म्हनतात, चार्जरचा आवाज हाय."

त्या संध्याकाळी चांगूनं नवी युक्ती केली. बॅटरी टिकत नाही ना, मग स्पीकर वायरलाच ठेवायचा. मोटारीच्या खोलीतून त्यानं लांब वायर ओढली आणि उसाच्या तोंडाशी, खांबाच्या खिळ्याला स्पीकर अडकवून आला. आम्ही जेवायला बसलो. त्यांची श्रेया, चौथीतली, माझ्या मांडीला टेकून भाकरी खात होती. बाहेर आबा ओरडत होते.

"हाऽऽ… हुर्रर्र… कोन हाय रं तिकडं…"

मग थोडी शांतता. मग पुन्हा. पोरीला त्याचं काहीच वाटत नव्हतं. तिला सवय झाली होती.

"चांगू, बंद कर ते," मी म्हटलं.

"का?"

"जन्मभर त्यांनी राखण केली. आता तरी सोड."

त्यानं भाकरी ताटात ठेवली. "अक्का, तू वारूळवाडीला पंख्याखाली बसून मशीन मारती. ही पोरगी रोज त्या उसातून शाळेतनं येती. शेजारच्यांचं वासरू गेलं, वरच्या वस्तीवरनं दोन शेळ्या गेल्या. आबांचा आवाज लावल्यापासून आपल्या बांधावर एक पाऊल नाय पडलं बिबट्याचं. मेल्या मानसाला कसला तरास?"

पोरगी खरंच त्या उसातून येत होती.

तेवढ्यात आमच्या लक्षात आलं की दोन हाकांमधली शांतता लांबली होती. पुढची हाक आली ती घसा ओढून आल्यासारखी. मग खोकला. आबांचा खोकला, शेवटी शेवटी यायचा तसा, खोल, ओला.

चांगूचा हात ताटावर थांबला.

"पानी…" उसातून आवाज आला.

"रेकॉर्डिंगमधलं असंल," चांगू म्हणाला.

हर्षाली त्याच्याकडं बघत राहिली. "तुमी ते कापलं व्हतं."

"बास रं… चांगू… आता बास…"

आणि लाइट गेली. वस्तीवरचे सगळे दिवे एकदम विझले. वायर मेली, पण आवाज चालूच होता. बास… बास… प्रत्येक वेळी आधीपेक्षा बारीक. शेवटी नुसती धाप उरली. आम्ही चौघं अंधारात ताटांवर बसून ती ऐकत होतो. मग तीही थांबली. श्रेयानं माझा पदर धरला होता. ती म्हणाली, "आज आबा लवकर झोपले."

पहाटे चांगू धार काढायला गेला, तेव्हा मी खांबाशी गेले. स्पीकर बर्फासारखा गार होता. त्याच्या पाठीतून नखाएवढं मेमरी कार्ड काढलं आणि पदराच्या गाठीत बांधलं. परतताना नारायणगावला मीना नदीच्या पुलावर उभी राहिले आणि गाठ सोडली. हात जोडले. मला वाटलं, सुटले आबा.

पंधरवडाभरानं चांगूचा फोन आला. मला वाटलं, भांडेल. तो खुशीत होता.

"कार्ड तू नेलंस ना? असू दे. मोबाईलमधी व्हतंच, दुसऱ्या कार्डावर घेतलं. आन् अक्का, गंमत ऐक. आता बॅटरी उतरतच नाय. लावल्यापासून एकदाबी चार्ज केला नाय. हिरवा दिवा तसाच. त्या जुन्या कार्डातच खराबी व्हती बघ."

"तुझा घसा बसलाय का रे?"

"थंडी हाय," तो म्हणाला आणि एवढं बोलून त्याला दम लागला. फोनमधून मला त्याची धाप ऐकू येत होती.

माघात हर्षालीचा फोन आला. ह्यांना बघून जा, एवढंच म्हणाली. मी दुपारीच पोहोचले. अंगणात भर उन्हात चांगू बाजेवर पडला होता, अंगावर घोंगडी. त्याचे दंड माझ्या मनगटाएवढे झाले होते. मंचरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं, छातीचा फोटो काढला होता, सगळं चांगलं निघालं होतं. सलाइन लावलं की दुपारपर्यंत तो उठून बसायचा, चहा प्यायचा. संध्याकाळ होईल तसा पुन्हा गळून जायचा. आवाज तर अजिबात राहिला नव्हता. मला बघून त्यानं ओठ हलवले. मी कान त्याच्या तोंडाजवळ नेला, नुसती हवा आली.

मी त्याचा हात धरून बसले. माझा राग होता त्याच्यावर. पण लहानपणी मीच त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. त्या हातात काही जोरच नव्हता.

ऊन उतरलं. श्रेया शाळेतून आली, पाण्याची बाटली फिरवत, एकटी, उसातल्या वाटेनं. तिनं दप्तर ओट्यावर टाकलं आणि त्याच वेळी उसाच्या तोंडाशी हाक उठली.

"हाऽऽ… हुर्रर्र…"

मी मान वळवली. तो आवाज आबांचा नव्हता. तो चांगूचा होता, धडधाकट, मागच्या वर्षीचा. आणि बाजेवरच्या चांगूनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. प्रत्येक हाकेला त्याची छाती वर यायची आणि खाली बसायची.

"ह्याचं रेकॉर्डिंग कधी केलंत?" मी विचारलं.

"केलंच नाय," हर्षाली म्हणाली. "आबांच्या आवाजाचंच कार्ड हाय ते."

"मग काढ तो स्पीकर. आत्ताच्या आत्ता काढ."

ती चुलीपुढं बसली होती, तिनं लाकूड आत सारलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मागल्या आठवड्यात खालच्या मळ्यातनं ऊसतोडीवाल्यांचं लेकरू नेलं. श्रेयाएवढंच व्हतं." आणि थोड्या वेळानं, "वन्सं, मला एकच हाय."

मी उठले आणि खांबाकडं निघाले. ती मागून आली. तिच्या हातात खराटा होता. मला वाटलं, मला अडवायला आणलाय. तिनं अडवलं नाही.

स्पीकर खिळ्याला लटकत होता. वायर नव्हती. हिरवा दिवा लागलेला. मी हात वर केला आणि माझी नजर खाली गेली.

खांबाखालची माती भुसभुशीत होती. तिच्यावर पंजे उमटले होते, माझ्या तळहाताएवढे, ताजे. ते खांबापर्यंत येत होते. खांबाला लागूनच एक जागा होती, रोज कुणी बसल्यानं दबून गुळगुळीत झालेली, मोठं कुत्रं बसतं त्यापेक्षाही लांब. मी वाकून हात लावला. ऊन केव्हाच गेलं होतं, तरी माती कोमट होती.

हर्षालीनं मला बाजूला केलं आणि खराट्यानं ते पंजे पुसून टाकले. सराईतपणे, अंगण झाडावं तसं. "कोनाला सांगू नका," ती म्हणाली. "हितं येतो आन् बसतो. आवाज हाय तवर घराकडं, वाटंकडं जात नाय."

वर स्पीकरमधून येणारा आवाज एव्हाना उतरला होता. चांगू आता ओरडत नव्हता. अगदी जवळ बसलेल्या कुणाशी बोलावं तसा तो सावकाश, खालच्या पट्टीत काहीतरी सांगत होता. मी कान देऊन ऐकलं. एक शब्द मला कळला नाही, पण मधूनमधून तो थांबत होता, समोरच्याचं ऐकून घेण्यासाठी.