मृदंगवाल्याचं प्रोफाइल

कार्तिकातल्या पावसाला कोणी बोलावलेलं नसतं. शेतात कापलेलं धान पडून असतं, माणसं आभाळाकडे पाहत हात जोडत असतात, आणि तो यायचा तेव्हा येतोच. त्या दुपारी अड्याळच्या बाजारात तो असा काही उतरला, की भाजीवाल्या बाया टोपल्या उचलून पळत सुटल्या. आणि ‘रेणू ऑनलाईन सेंटर’च्या दारात एक तरुण येऊन उभा राहिला. स्वतः नखशिखांत चिंब... पण छातीशी गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी मात्र अगदी जपून धरलेलं.

रेणू खुर्चीवरून ताडकन उठली.

“अगं बाई! एवढ्या पावसात लेकराले घेऊन निघाले? द्या इकडे, पहिले त्याले आत घ्या!”

त्यानं ते गाठोडं तिच्या हातात दिलं. “जपून जी... दोन्हीकडून धरा.”

लेकरू भलतंच जड होतं. रेणूनं गोधडीचं टोक बाजूला केलं, तर आत चामडं आणि वाद्या.

“हा तं मृदंग आहे!”

“लेकरूच आहे जी आपलं,” तो केसांतलं पाणी झटकत म्हणाला. “भिजलं का आवाज बसते त्याचा. मंग संध्याकाळी महाराज कोणाच्या भरवशावर गातील?”

रेणूला हसू आवरेना. विठ्ठलाच्या देवळात कालपासून सप्ताह बसला होता आणि गोमाजी महाराजांचं कीर्तन तिनं पुढच्या रांगेत बसून ऐकलं होतं. पण कीर्तनात माणूस पाहतो तो महाराजांकडे. मृदंगामागचा चेहरा तिनं आज, असा ओलाचिंब, पहिल्यांदा पाहिला.

“बसा ना दादा, पाऊस थांबेपर्यंत.”

“सगळ्यांलेच दादा म्हणता?”

“गिऱ्हाईक म्हटलं का दादा. मंग वय काही बी असो.”

“पण मी गिऱ्हाईक नाही जी,” तो हळूच म्हणाला. “मी तं फक्त भिजलो आहे.”

रेणूनं उगाच प्रिंटरमधले कागद सारखे केले. आता याला म्हणायचं तरी काय?

पाऊस ओसरल्यावर त्यानं जाता जाता संकोचून विचारलं, “मूठभर कणीक भेटन का? मळलेली. मृदंगाच्या डाव्या अंगाले थापा लागते, तेव्हाच तो घुमते. रोज ताजी लागते.”

सेंटरच्या मागंच घर. रेणूच्या आईनं, कुंताबाईनं, आतूनच विचारलं, “किती पाहिजे बापू?” आणि लिंबाएवढ्या गोळ्याऐवजी चार पोळ्यांची कणीक आणून दिली. देवाच्या कामाला हात आखडायचा नाही, हा तिचा नेम.

दुसऱ्या दिवशी कणीक न्यायला तो आला, तो संध्याकाळऐवजी भर दुपारीच. हातात मोबाईल. भिंतीवरच्या फलकावरची शेवटची ओळ त्यानं काल वाचून ठेवली होती : नोकरीसाठी लिंक्डइन प्रोफाइल बनवून मिळेल.

“मी भुपेंद्र. चिखल्याच्या भुयारी खाणीत पंपांवर आहे, एका ठेकेदाराकडे. सप्ताहापुरती सुट्टी काढून आलो. तीस नोव्हेंबरले ठेका संपून राहिला. नवा ठेकेदार आपले माणसं आणते म्हणतात.” त्यानं मोबाईल टेबलावर ठेवला. “तोपर्यंत काही जमलं नाही तं सुरतेले जा लागन. चुलतभाऊ अंकुर बोलावून राहिला, तिथं कापडाच्या मिलमध्ये. आई चिखल्याले एकटी... आणि मृदंग खुंटीवर.”

एकदा सुरतेला गेलेली माणसं कशी दिवाळीपुरती पाहुणी होऊन येतात, हे रेणूला ठाऊक होतं. तिचा स्वतःचा भाऊ तसाच गेला होता.

“दाखवा प्रोफाइल,” ती म्हणाली.

फोटोत पंधरा माणसं होती. टाळकरी, विणेकरी, मधोमध महाराज.

“यातले तुम्ही कोण? साहेबानं शोधत बसायचं का?”

“महाराजांले कसं कापू जी फोटोतून?”

नावाखाली लिहिलं होतं, ‘काम शोधत आहे, कोणतेही चालेल.’ आणि त्याखाली, जिथं माणसानं स्वतःविषयी सांगायचं, तिथं रेणूनं मोठ्यानं वाचलं, “‘प्रथम वंदन माउलीस. वंदन सद्गुरू गोमाजी महाराजांस. वंदन पंपांची विद्या देणाऱ्या सेवकरामकाकांस. वंदन खाणीच्या मातीस...’” ती वर पाहू लागली. “भुपेंद्रजी, हे कीर्तनातलं नमन आहे!”

“सुरुवात नमनानंच करा लागते ना?”

“आणि तुम्ही कुठं आहात यात?”

“आहे ना. शेवटी पाहा... ‘यांच्या कृपेने थोडीफार सेवा घडली.’”

रेणूनं कपाळावर हात मारला. “तिथं पहिल्या तीनच ओळी दिसते! बाकी वाचायले बटन दाबा लागते. साहेब माउलीले नमस्कार करून पुढं जाईन, दुसऱ्याले नोकरी देईन!”

तो हसला. पण मग गंभीर झाला. “महाराज दोन-दोन तास बोलतात, पण ‘हे माझं’ असं कधी म्हणत नाही. लहानपणापासून तेच ऐकलं. स्वतःच्या तोंडानं स्वतःचं सांगायचं म्हटलं... तं जीभच वळत नाही जी.”

तिथून त्यांची दुपारची पारायणं सुरू झाली. ती विचारायची आणि इंग्रजीत बसवायची, तो मराठीत निसटायचा.

“किती पंप सांभाळता?”

“अकरा. म्हणजे... काकांनीच शिकवलं, मी नुसता असतो तिथं.”

“खोल किती?”

“पार तळाले. पण तिथं सगळेच असतात.”

“बंद पडला तं दुरुस्त कोण करते?”

“होऊन जाते जी.”

“आपोआप होते का? पंपाले देव पावते?” रेणू पेन आपटून म्हणायची, आणि तो मान खाली घालून इतका निर्मळ हसायचा, की तिचा राग पुढं सरकायचाच नाही. ‘कोणतेही चालेल’ मात्र तिनं पहिल्याच दिवशी पुसलं आणि तिथं त्याचं खरं काम लिहिलं. नवा फोटो तिनंच काढला, सेंटरच्या पांढऱ्या भिंतीपुढं. त्याच्या कपाळावर सकाळच्या काकड्याचा बुक्का होता. तो पुसायला त्यानं रुमाल काढला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “राहू द्या... छान दिसते.”

मग बराच वेळ दोघांनाही संगणकाकडेच पाहावं लागलं.

कुंताबाईच्या हे ध्यानात आलं नसेल असं कोणी समजू नये. “अगं, कणीक न्यायले एवढे तास लागतात का?” तिनं पाचव्या दिवशी विचारलं. “तेवढ्यात तं माहा अख्खा स्वयंपाक होते.”

त्याच संध्याकाळी कीर्तन असं रंगलं, की देवळाबाहेरच्या ओट्यावरही पाय ठेवायला जागा उरली नाही. टाळांचा ठेका चढत गेला, आणि ऐन भरात गोमाजी महाराजांनी हात वर करून सगळं थांबवलं.

“मायबाप हो, मघापासून तुम्ही मले ऐकून राहिले. आता मी जरासा गप्प बसतो. ज्याच्या जोरावर मी बोलतो ना, तो ऐका.” आणि त्यांनी हात केला तो मृदंगाकडे.

भुपेंद्रनं मान लववली. मग त्याची बोटं चालू लागली... आधी हळू, कानात सांगितल्यासारखी, मग अशी, की ऐकणाऱ्याच्या छातीत घुमावं. त्याची नजर एकदाच वर आली. बायांच्या रांगेत, खांबाला टेकलेल्या रेणूपाशी थांबली. आणि तो ठेका चुकला नाही, पण रेणूच्या हातातली टाळी चुकली.

आनंदानं डोळे भरून आले असतानाच तिच्या मनात लख्ख उजेड पडला. याच्या तोंडून याचं कौतुक कधीच येणार नाही. ते दुसऱ्यानंच केलं पाहिजे! आणि प्रोफाइलवर त्यासाठी जागा असतेच की. आपल्यासोबत काम केलेल्या माणसानं आपल्याविषयी लिहायची.

दुसऱ्या दिवशी तिनं सेवकरामकाकांना फोन लावला. निवृत्त माणूस, आवाज खणखणीत.

“भूप्याबद्दल लिहायचं? लिही बाई, लिही! अवो, ह्या पोराचे कान म्हणजे काय सांगू! चालत्या पंपाले कान लावे आन् म्हणे, काका, याचा आवाज फाटून राहिला, चार दिवसांत हा बसते. मी हसलो ना! पण यानं गुपचूप दुसरा पंप जोडून ठेवला. पाचव्या दिवशी पहिला बसला, पाणी चढे, आन् यानं दुसऱ्याचं बटन दाबलं. काम एक घंटा बी थांबलं नाही. तीनदा झालं असं. मी शिकवलं म्हणते का तो? खोटं आहे ते! मी नट-बोल्ट शिकवले. कान त्याचे आहेत.”

रेणू काकांच्याच शब्दांत, खाली त्यांचा नंबर टाकून, लिहीत होती. शेजारी भुपेंद्रचे कान, तेच ते कान, लालबुंद झाले होते.

“तीनदा?” फोन ठेवून ती म्हणाली. “आणि मले सांगता, होऊन जाते?”

“मृदंग ऐकून ऐकून सवय लागली जी...”

“लिहिते. हेच लिहिते.”

सातव्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं. भुपेंद्र पंगतीत वाढायला गेला आणि जाताना सांगून गेला, “तेवढं राहिलेलं भरून टाका.” राहिला होता एकच रकाना : कुठं काम करायला तयार आहात?

तो तर म्हणाला होता, कुठं बी टाका. रेणूनं भंडारा टाकलं. नागपूर. गोंदिया. मग पुणे लिहायला बोट उचललं... आणि ते तिथंच थांबलं. पुणे म्हणजे सुरतच की, फक्त नाव दुसरं. देवळातून पंगतीचा गजर ऐकू येत होता. फार अपराधी वाटलं, तेव्हा तिनं बालाघाट टाकलं. राज्य दुसरं, पण तिथं खाणी आहेत, याचं काम व्हायचं तर तिथंच. बस, चार. आणि तिनं बटन दाबून टाकलं.

तो मृदंग घ्यायला आला तेव्हा ती त्याला एवढंच म्हणाली, “पासवर्ड बदलून घ्या. मले बी सांगू नका.” सगळ्यांनाच ती हे सांगायची.

पण मग दिवस जाऊ लागले, आणि तेच वाक्य तिच्या गळ्याशी आलं. रोज ती मोबाईलवर विचारायची, “आला का फोन?” रोज त्याचं उत्तर, “नाही जी.” दोन आठवडे गेले. तिसरा लागला. आपण चारच गावं टाकली म्हणून फोन येत नसेल... जवळ ठेवायच्या लोभापायी आपणच त्याला सुरतेच्या गाडीत बसवतोय की काय? रकाना उघडायला पासवर्ड नव्हता, आणि पासवर्ड मागायचा तर कबूल करावं लागलं असतं. तिनं विठ्ठलासमोर कान धरले. पण कान धरून रकाना बदलत नाही.

अठ्ठावीस नोव्हेंबरला सकाळी भंडाऱ्याकडून बस आली आणि भुपेंद्र उतरला. पाठीवर मोठी बॅग.

रेणू हातातले कागद टाकून दारापाशी आली.

“रेणूबाई, मी...”

“थांबा! पहिले माझं ऐका,” ती एका दमात बोलू लागली. “सुरतेले जाऊ नका. म्हणजे जा... पण माझी चूक ऐकून जा. तुम्ही म्हटलं होतं, कुठं बी टाका. मी नाही टाकलं. चारच गावं टाकली. भंडारा, नागपूर, गोंदिया, बालाघाट. पुणे नाही, मुंबई नाही, काहीच नाही. तुम्ही दूर जाल म्हणून... माझ्यामुळं फोन आला नाही. शिव्या द्या मले.”

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग बॅग खाली ठेवून म्हणाला,

“तीन.”

“काय तीन?”

“गावं तीनच आहेत. काल्याच्या दुसऱ्या दिवशी पासवर्ड बदलायले उघडलं, तेव्हा चार दिसले मले. बालाघाट मी काढून टाकलं.”

रेणूला ऐकलेलं खरं वाटेना. “काढलं? अहो, तिथंच तं खाणी आहेत! तिथंच भेटली असती नोकरी!”

“म्हणून तं काढलं.”

बाहेर कंडक्टरनं घंटी मारली. भुपेंद्रनं तिकडं वळूनही पाहिलं नाही.

“आणि सुरतेले कोण चाललं? गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर उपसा पंप आहेत ना, ते चालवणाऱ्या कंपनीचा परवा फोन आला. साहेबानं काकांचं लिहिलेलं वाचलं आणि सरळ काकांलेच फोन लावला. काका अर्धा घंटा बोलले म्हणे! शेवटी साहेबच म्हणाला, पुरे, पाठवा त्याले. पवनीले खोली घेतली, सोमवारपासून रुजू. तुम्हाले समोरासमोर सांगायचं होतं, म्हणून फोनवर बोललो नाही.”

रेणू खुर्चीत बसली ती बसलीच. तीन आठवड्यांचं ओझं असं एकदम उतरलं, की हसावं की रडावं कळेना. शेवटी दोन्ही झालं. पदरानं डोळे पुसत तिनं विचारलं, “पण बालाघाट... काहून काढलं?”

आणि इथं भुपेंद्र अडला. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. महाराज नव्हते. सेवकरामकाका नव्हते. त्याच्या वतीनं बोलणारं आज कोणीच नव्हतं. बोटं मात्र आपसूक बॅगेच्या पट्ट्यावर ठेका धरू लागली.

“सांगा ना,” रेणू म्हणाली. आवाज अगदी बारीक. “का काकांले फोन लावू?”

“नको!” तो दचकला. मग त्यानं बोटं थांबवली आणि नजर वर केली. “मले... मले तुम्ही आवडता, रेणू. फार. महाराजांच्या कृपेनं नाही, कोणाच्या सांगण्यावरून नाही. हे मी म्हणून राहिलो. मी, भुपेंद्र.”

मागच्या दारात भांडं वाजलं. कुंताबाई तिथं केव्हापासून उभी होती, देव जाणे. “बापू,” ती म्हणाली, “आईले घेऊन रविवारी जेवायलेच या. कणकेपुरतं उभ्या उभ्या येणं-जाणं बंद करा आता.”

रेणूनं लाजून मान खाली घातली, पण हसू काही लपेना.

बस पवनीच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली. पुढची तासाभरानं होती. भुपेंद्रनं खुर्ची ओढली आणि तो पहिल्यांदाच, कोणी न म्हणता, बसला.