हजेरी संपेपर्यंत भोंगा

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मला त्यातून काही मिळवायचं नाही.

घडली माझ्या मावसबहिणीच्या, उत्कर्षाच्या बाबतीत. गेल्या सप्टेंबरात, वाघोलीच्या पुढे एका केमिकल कारखान्यात. आणि रात्री नाही, टळटळीत दुपारी. भुतांनी रात्रीच यावं असा काही सरकारी नियम नाही.

उत्कर्षाचं काम असं, की कारखान्यात उद्या गॅस सुटला तर माणसांनी कुठून पळायचं, कुठे जमायचं, पंप कुठे, कंट्रोल रूम कुठे, हे नकाशावर ठरवायचं. तिची सही झाली की कारखान्याचं काम पुढे सरकतं.

या कारखान्यात काही वर्षांपूर्वी खरंच गॅस सुटला होता. हिवाळ्यात. माणसं गेली. मग मालक बदलला, नाव बदललं, भिंतींना नवा रंग लागला. आपल्याकडे एवढं पुरतं.

बदलली नव्हती ती फक्त जमायची जागा. असेंब्ली पॉइंट. पश्चिमेला, गेटजवळ, हिरवी पाटी.

पावसाळ्यात ती जागा ठीक. वारा पश्चिमेचा, गॅस उलट दिशेला जातो. पण हिवाळ्यात वारा फिरतो. पूर्वेकडून येतो... आणि सगळा गॅस थेट त्या हिरव्या पाटीवर.

म्हणजे पूर्वेलाही एक जागा हवी. वारा बघायचा आणि ठरवायचं. इतकं साधं. पण पूर्वेच्या कोपऱ्यात नवा मालक विश्वजीत याला गोदाम बांधायचं होतं.

त्या दुपारी सराव होता. मॉक ड्रिल.

सराव कसा असतो, सांगतो. सगळ्यांना आधीच माहीत असतं. माणसं चहा संपवून निवांत चालत येतात, हसतात, फोटो काढतात. फोटो फाइलला लागतो. झाली सुरक्षा.

भोंगा वाजला. माणसं पाटीखाली जमली. सेफ्टी ऑफिसर रंगनाथ यादी घेऊन उभे राहिले आणि हजेरी सुरू झाली...

भोंगा चालूच.

नाव ऐकू येईना. रंगनाथ ओरडून नाव घेत, माणूस हात वर करी.

"अहो, भोंगा बंद करा ना," उत्कर्षा त्यांच्या कानाशी म्हणाली. "हजेरी ऐकू कशी येणार?"

"चालूच ठेवतात इथे, मॅडम. पद्धत आहे."

"ही कसली पद्धत? कोण आलं, कोण आत राहिलं, कळायला नको?"

रंगनाथांनी यादीचं पान उलटलं. "ऐकू येऊ नये म्हणूनच," ते म्हणाले.

तिला वाटलं, पुणेरी टोमणा. तिने स्वतः जाऊन बटण दाबलं.

भोंगा थांबला.

आणि त्याबरोबर सगळंच थांबलं. रस्त्यावरचे ट्रक, कावळे, माणसांची कुजबुज. रंगनाथांनी यादी काखेत मारली आणि दोन्ही कानांवर हात दाबून धरले.

खांबावर वारा दाखवणारी केशरी कापडी पिशवी होती. उत्कर्षाची ओढणी पूर्वेकडे उडत होती, पश्चिमेचाच वारा होता. पिशवी मात्र... पश्चिमेकडे ताणलेली होती. गेटाकडे. पाटीकडे.

मग पावलं ऐकू आली. धावत येणारी. जुन्या बंद शेडकडून. बरीच.

दिसत कोणी नव्हतं. धूळ उडत नव्हती. पावलं तिच्या अंगावरून गेली आणि पाटीखाली जाऊन थांबली.

"हजर," कोणीतरी म्हणालं.

"हजर... हजर... हजर."

नाव कोणी घेतच नव्हतं. समोरच्या कामगारांपैकी एकाचंही तोंड हलत नव्हतं. सगळे खाली मान घालून उभे होते.

शेवटचा "हजर" तिला ओळखीचा वाटला. घोगरा, थकलेला. आत्ताच तर ऐकला होता हा आवाज.

तो रंगनाथांचा होता.

रंगनाथ तिच्यासमोर उभे होते. ओठ घट्ट मिटलेले, कानांवर हात.

तिने धावत जाऊन भोंगा पुन्हा सुरू केला.

नंतर रंगनाथांनी एवढंच विचारलं, "कोणाचा आवाज होता?"

"काहीच ऐकू आलं नाही," उत्कर्षा म्हणाली.

गेटाबाहेर चहाची टपरी आहे. आनंदीबाई चालवतात, तिथल्याच गावच्या. उत्कर्षा बाहेर आली तेव्हा म्हातारी कुंपणाला कान लावून उभी होती. डोळे पुसत.

"तू बंद केलास व्हय भोंगा? लई उपकार झालं बाई," ती म्हणाली. "माझ्या ऋषीचा आवाज ऐकला. कवाधरनं ऐकला नव्हता."

उत्कर्षाने वळून हिरव्या पाटीकडे पाहिलं.

"शिकल्याला व्हता माझा. पाटी बघून तिकडं गेला. ज्यास्नी अक्षर कळत न्हवतं ती गडी वाट फुटंल तिकडं पळाली. ती हायेत अजून, रोज चा प्यायला येत्यात." मग तिने उत्कर्षाचा हात धरला. "पुढच्या बारीला बी बंद करशील का गं?"

त्या संध्याकाळी उत्कर्षाने नकाशावर पूर्वेला दुसरी जागा आखली. विश्वजीतने ती खोडायला लावली. टिळक रस्त्यावरच्या ऑफिसात तिचे साहेब श्यामसुंदर चष्मा पुसत म्हणाले, "वाऱ्याला विचारून बांधायचं ठरवलं, तर माणसाने पतंग उडवावेत. कारखाने काढू नयेत."

तिने सही केली नाही. मला तिचा अभिमान वाटला. त्याचा उपयोग काय झाला? शेजारच्या टेबलावरच्या वरदने दुसऱ्या दिवशी जेवायच्या आधी सही करून टाकली. पूर्वेला गोदाम उभं राहिलं.

तिने रंगनाथांना फोन केला. म्हणाली, हिवाळ्यात काही झालं तर पाटीकडे जाऊ नका.

"यादी माझ्याकडे असते, मॅडम. सगळे मला शोधत पाटीखालीच येणार. मी कुठे जाऊ?"

मग ती रोज सकाळी त्यांना फोन करू लागली. एकच प्रश्न, "वारा कुठला?"

"पश्चिमेचा. तुम्ही निर्धास्त राहा," ते हसून सांगायचे.

दिवाळी झाली. थंडी पडली. मग ते वाऱ्याचं सांगेनासे झाले. "चहा घेतलात का?" असं काहीतरी विचारायचे.

आज सकाळी तिने फोन लावला. उचलला गेला. कोणी बोललं नाही. मागे भोंगा वाजत होता.

सराव असेल, तिने स्वतःला समजावलं.

मग भोंगा थांबला...

तिने फोन कानापासून दूर केला आणि बंद करून टाकला. पुढचं तिला ऐकायचं नव्हतं.

तशीच ती माझ्याकडे आली. हे लिहितोय तेव्हा ती समोर बसली आहे. फोन मधे टेबलावर पडला आहे, अजून बंदच. सुरू कर असं म्हणायचा मला धीर होत नाही.

ती खिडकीबाहेर बघते आहे. समोरच्या गच्चीत दोरीवर कपडे वाळत घातले आहेत. सगळे पश्चिमेकडे उडत आहेत.