खड्या मिठाच्या दोन रेघा

रामू घरतचं पत्र येऊन चौदा वर्षं झाली होती आणि कमलाकर देवधरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. ते पत्र कपाटातल्या जाड शब्दकोशात होतं. कोणत्या पानात, हे त्यांना पाठ होतं. म्हणूनच तो शब्दकोश ते सहसा उघडत नसत.

कमलाकर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आरेखक होते. जमिनीखालून पाण्याचे नळ, विजेच्या केबली कुठून गेल्यात ते कागदावर उतरवायचं, हे त्यांचं काम. रामू तिथला खोदकामाचा मुकादम. गाव शिरढोण, पण लहानपण आजोळच्या मिठागरात गेलेलं. उजव्या हाताची करंगळी तिथेच गमावलेली. नकाशा बघून झाला की तो चपला काढायचा आणि रस्त्यावरून सावकाश चालत जायचा. मग पिशवीतून खडं मीठ काढून केबलीच्या दोन्ही अंगांना हातभर अंतर सोडून दोन रेघा ओढायचा. चुन्याची फक्की वाऱ्यानं उडते, मीठ बसून राहतं, असं त्याचं म्हणणं.

"या रेघांच्या मदी लोखंड नाय," तो माणसांना सांगायचा. "हितं फकस्त हात. घाई असंल त्यानं घरी जा."

मग तो स्वतः पोटावर पालथा पडून बोटांनी माती काढायचा. केबल दिसली की तिच्यावर ओलं गोणपाट टाकायचा, लोंबू नये म्हणून दोरीनं लाकडाला बांधून घ्यायचा. बावीस वर्षांत त्याच्या माणसांनी एकाही केबलीला ओरखडा काढला नाही. कमलाकर खिडकीतून बघत राहत. आपण कागदावर रेघा ओढतो आणि हा माणूस त्या रेघा हातानं ओळखतो, याचं त्यांना नवल वाटे. तसं त्याला सांगावं असं अनेकदा मनात आलं. जिभेवर कधी आलं नाही.

पत्रात चारच ओळी होत्या. 'साहेब, रोडपालीच्या वळनावर तुमी केबल गटाराच्या पलीकडं दावलीय. ती अलीकडं हाय, दीड हात खाली. मी हात लावून बघितलीय. नकाशात तेवढं करा, कोनी पहार मारल.'

नकाशावर सही कमलाकरांची होती. उद्या बघू, म्हणून त्यांनी पत्र मिटलं. पुढे बदली झाली, मग निवृत्ती. रामू गेला, त्यालाही आता तीन वर्षं झाली.

आणि त्या मंगळवारी सकाळी, रोडपालीच्या त्याच वळणावर, आता ते राहत असलेल्या घराच्या गॅलरीखाली पिवळे अडथळे लागले. गॅसची लाइन टाकायची होती.

शब्दकोश उघडून पत्र खिशात घालायला त्यांना अर्धा तास लागला. आपलीच आठवण चुकत असेल तर? पोरं हसली तर? चप्पल घालताना ते दोनदा मागे फिरले.

खाली शाहीद नावाचा तरुण मजूर खराट्यानं रस्ता झाडत होता.

"सलाम, काका. बघा ना, कोण येडा मीठ सांडतोय! दोनदा झाडलं. चहा पिऊन आलो की परत हाजिर."

गटाराच्या अलीकडे खड्या मिठाच्या दोन रेघा होत्या. मध्ये दोन हातांचं अंतर. नुकताच टँकरनं रस्ता भिजवला होता. डांबर काळंभोर ओलं होतं. मीठ कोरडं होतं.

कमलाकरांनी पिवळ्या अडथळ्याला धरलं.

"इथे खणू नका," ते म्हणाले. आवाज त्यांनाच ऐकू आला नसावा. त्यांनी पुन्हा म्हटलं.

इंजिनीअर भावेश मोबाइल खिशात टाकत आला. "काका, टेन्शन नका घेऊ. केबल गटाराच्या पलीकडे आहे. सरकारी नकाशा आहे, ही बघा सही."

"यंत्रानं तपासलंत?"

"इथे सगळीकडेच बीप होतं. नळ, तारा, सगळं एकत्र. शाहीद, घे पहार."

शाहीद दोन रेघांच्या मध्ये उभा राहिला. त्यानं पहार उचलली.

"नकाशा चुकलाय," कमलाकर ओरडले. आयुष्यात ते कधी असे ओरडले नव्हते. "ती सही माझी आहे. चूक माझी आहे!"

शाहीदचे हात वरच थांबले. भावेशनं नकाशाकडे पाहिलं, म्हाताऱ्यानं खिशातून काढून पुढे धरलेल्या पत्राकडे पाहिलं, मग पत्र घेऊन वाचलं.

"पहार ठेव," तो हळू आवाजात म्हणाला.

त्यांनी रेघांच्या बाहेरून, बेतानं खड्डा घेतला. मग शाहीद पालथा झाला आणि हातानं आत पोखरत गेला. वरचा मुरूम घट्ट होता, वर्षानुवर्षं कुणी न हलवलेला. दीड हातावर त्याची बोटं थांबली.

"या अल्ला."

काळी, मनगटाएवढी जाड केबल. पहार पडणार होती त्याच्या बरोबर खाली.

भावेश खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला.

"काका," शाहीद आतूनच म्हणाला, "इथं कुणाचा तरी हात उमटलाय."

केबलीशेजारच्या चिकणमातीत तळव्याचा ठसा होता. चारच बोटं. करंगळी नव्हती. ठशाच्या खोलगटात पाणी साचलं होतं, ताजं. शाहीदनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि चूळ भरायला धावला.

"खारं आहे," तो म्हणाला. "लई खारं."

कमलाकरांनी भावेशचं लाल पेन मागून घेतलं. नकाशावरची जुनी रेघ खोडली, गटाराच्या अलीकडे नवी ओढली, शेजारी सही केली. हात अजिबात कापला नाही.

दुपारी त्यांनी उत्तर लिहिलं. 'रामू' लिहून खोडलं, 'रामूभाऊ' लिहिलं. 'तुमचं पत्र मिळालं. उत्तराला फार उशीर झाला. केबल तुम्ही म्हणालात तिथेच आहे. नकाशा दुरुस्त केला. पोर वाचलं. तुमच्यासारखं काम मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं.' पाकिटावर शिरढोणचा पत्ता घातला.

नाक्यावरच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट अर्धं सरकवलं आणि नेहमीसारखे घुटमळले. मृत माणसाला पत्र. कुणी पाहिलं तर काय म्हणेल?

तेवढ्यात पाकीट आतून ओढलं गेलं. झटका नाही, घाई नाही. मातीतून केबल मोकळी करावी, तितक्या हळुवारपणे.